वाचताना सगळे पटते, वही मिटली की काहीच सुचत नाही

भौतिकशास्त्राचे विद्यार्थी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, ते सहसा भौतिकशास्त्राची तक्रार घेऊन येत नाहीत. झोप लागत नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येतो, शाखा चुकली असे वाटते, असे काहीतरी ते सांगतात आणि बोलता बोलता मूळ दुखणे अभ्यासाच्या पद्धतीत सापडते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची ही विद्यार्थिनीही तशीच आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) “सर, सोडवलेलं उदाहरण वाचताना ओळ न् ओळ पटते. वही मिटली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. मला फिजिक्सचं डोकंच नाही,” असे तिने सांगितले. तिच्या मनात एक अपराधीपणाही होता. उत्तर आधी पाहणे म्हणजे फसवणूक, असे तिला शाळेपासून ऐकवण्यात आले होते, त्यामुळे ती उदाहरणे वाचतही होती आणि वाचल्याबद्दल स्वतःला दोषही देत होती.

हा अपराधीपणा आधी दूर करणे मला आवश्यक वाटले. विषय नवा असताना नुसते झगडत बसण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासणे अधिक उपयोगी ठरते, हे शिक्षण-संशोधक जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या बाबतीत दाखवले होते. तेव्हा उदाहरणे पाहण्यात गैर काहीच नव्हते. ती मुलगी उदाहरणे कशी पाहत होती, हे मात्र तपासायला हवे होते.

तिची वही मी मागवली. यामिकीची (बल आणि गती यांच्या शास्त्राची) शंभराहून अधिक उदाहरणे सुवाच्य अक्षरात, दोन रंगांच्या शाईत उतरवलेली होती. समासात मात्र एकही शब्द नव्हता, एक प्रश्नचिन्हसुद्धा नव्हते. मी स्वतः भौतिकशास्त्र शिकलेलो असल्याने वहीतलेच एक उदाहरण आकडे बदलून तिच्यासमोर ठेवले: ३ किलोग्रॅमचा भरीव सिलिंडर ३० अंशांच्या उतारावरून न घसरता घरंगळतो, स्थितिक घर्षणांक (पृष्ठभाग एकमेकांवर घसरत नसताना लागू होणारा घर्षणाचा गुणांक) ०.४ आहे, तर त्वरण किती? तिने क्षणभरही न थांबता घर्षण बल म्हणजे म्यू गुणिले एन (घर्षणांक गुणिले पृष्ठभागाचे लंब बल) असे लिहिले, ते सुमारे १०.२ न्यूटन काढले, उताराच्या दिशेच्या १४.७ न्यूटनमधून वजा केले आणि त्वरण दीड मीटर प्रति सेकंद वर्ग असे उत्तर दिले.

ते चूक आहे असे मी म्हटले नाही. याच घर्षणामुळे सिलिंडर किती जोराने फिरू लागेल, एवढेच काढायला सांगितले. टॉर्क (फिरवणारा जोर) आणि मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरण्याला होणारा विरोध) वापरून तिने कोनीय त्वरण काढले आणि त्याला त्रिज्येने गुणले, तेव्हा उत्तर ६.८ आले. घसरत नसलेल्या सिलिंडरमध्ये हे दोन आकडे सारखे असायला हवेत, हे तिला पाठ होते. ते सारखे नाहीत हे पाहून ती बराच वेळ गप्प बसली. म्यू गुणिले एन ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष घर्षण लागेल तेवढेच असते आणि येथे ते ४.९ न्यूटन येते, म्हणून त्वरण सुमारे ३.३. घर्षण म्हणजे म्यू गुणिले एन ही ओळ तिने उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याच्या उदाहरणातून उचलली होती. तेथे ती बरोबरच होती, पण ती का बरोबर आहे हे छापलेल्या उत्तरात लिहिलेले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते.

मानसशास्त्रज्ञ मिशेलिन ची (Chi) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये यामिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता, त्याची आठवण मला येथे झाली. त्यांच्यातील चांगले विद्यार्थी उदाहरण वाचताना ही पायरी येथे का आली, कोणत्या अटीवर आली, हे स्वतःला समजावत होते. पुढे स्वतः प्रश्न सोडवताना ते उदाहरणाकडे एखादी विशिष्ट गोष्ट पडताळण्यापुरते वळत, तर कच्चे विद्यार्थी तेच उदाहरण पुन्हा वाचत बसत. तिच्या वहीचे वर्णन याहून नेमके करता आले नसते.

आम्ही ठरवलेली पद्धत साधी होती. दिवसाला दहाऐवजी दोनच उदाहरणे घ्यायची, उत्तरावर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवायचा, पुढची ओळ उघडण्याआधी ती काय असेल हे लिहायचे आणि ओळ उघडल्यावर समासात तिचे कारण मराठीत लिहायचे. मराठीचा आग्रह माझा होता, कारण इंग्रजी वाक्य न कळताही उतरवता येते. दुसऱ्या आठवड्यापासून उत्तराची शेवटची पायरी झाकलेलीच ठेवायची, मग शेवटच्या दोन, असे करत झाकलेला भाग वाढवत न्यायचा.

पहिला पंधरवडा वाईट गेला. तिच्या मैत्रिणी तीन प्रकरणे पुढे गेल्या आणि वडिलांनी शिकवणी लावण्याचा विषय काढला. “सर, आधी निदान समजल्यासारखं तरी वाटायचं,” असे ती चिडून म्हणाली. ही तक्रार मला खरी वाटली. ओळखीचेपणाला समज मानण्यातला आराम आम्ही काढून घेतला होता आणि त्या जागी अजून काही उभे राहिले नव्हते. मी तिला पुढे जाण्याची घाई करू दिली नाही. वडिलांशी मात्र तिच्यासमोरच बोललो आणि सत्र संपेपर्यंतची मुदत मागून घेतली.

दीड महिन्याने ती आली तेव्हा वहीचे समास पेन्सिलीच्या खुणांनी भरले होते. काही खोडलेल्या होत्या, काहींपुढे नुसतेच “का?” होते. परीक्षेची भीती पूर्ण गेली नव्हती आणि विद्युतचुंबकत्व अजून जड जात होते. सिलिंडरचे उदाहरण मात्र तिने स्वतःहून पुन्हा घेतले होते. त्याच उतारावर दोन्ही घर्षणांक (स्थितिक आणि घसरतानाचा) ०.१ केले तर काय होईल, असा प्रश्न तिने स्वतःला घातला होता. न घसरता घरंगळण्यासाठी स्थितिक घर्षणांक किमान ०.१९ लागतो, म्हणजे सिलिंडर घसरणार, आणि मग त्वरण सुमारे ४.१ येते, असे तिने काढले होते. त्या पानाच्या समासात लिहिले होते: “येथे म्यू गुणिले एन चालते, कारण आता घसरतोय.”