दमून आल्यावर खेळायला शेतीचा कोणता गेम घेऊ: स्टारड्यू व्हॅली, साकुना की पोर्टिया?

प्रश्न असा आहे: "नोकरीवरून दमून येते. गेममधली मारामारी जमत नाही, शेती आणि वस्तू बनवणं आवडतं. स्टारड्यू व्हॅली, साकुना आणि माय टाइम ॲट पोर्टिया यांपैकी एकच घ्यायचाय. कोणता घेऊ? घरचे म्हणतात, एवढी हौस असेल तर गावी जाऊन खरी शेती कर."

तुमच्या त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले आहे. पण आधी गेमचं सांगते.

पोर्टिया घेऊ नका. दिसायला गोड आहे, पण मुळात तो वर्कशॉप चालवण्याचा गेम आहे. फलकावरून काम उचलायचं, त्याला मुदत असते, मग तांबं आणा, कथील आणा, भट्टीत टाका आणि कांस्याची वीट तयार होईपर्यंत थांबा. दिवसभर "कधीपर्यंत होईल?" ऐकून घरी आलेल्या बाईने रात्री पुन्हा तेच का ऐकावं? चीनमधल्या चोंगचिंगच्या त्याच कंपनीचा पुढचा गेम, २०२३ मध्ये पूर्ण झालेला माय टाइम ॲट सँडरॉक, मला त्यापेक्षा पुष्कळ आवडला. तिथे वाळवंट आहे, यंत्रांना पाणी मोजून घालावं लागतं आणि उभं झाड तोडायला बंदी आहे, त्यामुळे भंगारातून वस्तू उभ्या करायला मजा येते. पण मुदती तिथेही आहेतच.

तुमच्यासाठी स्टारड्यू. कारण साधं आहे: त्यातला एक दिवस घड्याळाने साधारण १४ मिनिटांचा असतो आणि झोपलं की गेम सेव्ह होतो. दमलेल्या माणसाने एक-दोन दिवस खेळावेत आणि लॅपटॉप मिटावा. एका ऋतूत २८ दिवस असतात, म्हणजे वर्ष ११२ दिवसांचं. काही राहून गेलं तर पुढच्या वर्षी करता येतं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला गेममधले वारलेले आजोबा येऊन तुमचं काम जोखतात म्हणून बरेच जण धावपळ करतात. तुम्ही करू नका, नंतर शेतावरच्या त्यांच्या स्मारकापाशी हिरा ठेवून त्यांना पुन्हा बोलावता येतं. मासेमारीवर चिडू नका, नाही जमली तर सोडून द्या. खाणीत थोडी मारामारी आहे, पण तिथे कधी आणि किती खोल उतरायचं ते तुमच्या हातात आहे. झारीचा कंटाळा आला की लवकरात लवकर आठ चौकोन भिजवणारे स्प्रिंकलर बनवा. बाकी सगळं तुमचं तुम्हाला सापडेल.

हा सगळा गेम एरिक बरोन नावाच्या एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून केला, चित्रं आणि संगीतसुद्धा. त्या काळात तो सिएटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम आला. त्याआधी १९९६ साली जपानमध्ये हार्वेस्ट मूनने ही वाट पाडली होती. तो करणारे यासुहिरो वादा खेड्यातून टोकियोला आलेले. शेतीच्या गेमचा हा सगळा प्रकारच गाव सोडून आलेल्या माणसाच्या मनातून निघालाय, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचाच संबंध आहे.

आता साकुना. माझा जीव त्यात आहे, त्यामुळे इथे मी निःपक्षपाती नाही.

माझं माहेर महाड तालुक्यातलं. पाऊण एकर भात, चार खाचरं. आठव्या वर्षापासून मी लावणीला उतरलेय. आधी मुठी, म्हणजे रोपांच्या जुड्या, टाकायला, मग आईच्या शेजारी ओळीत. २०२२ च्या गौरी-गणपतीत माहेरी गेले तेव्हा लॅपटॉप सोबत होता. गौरी जेवल्या, पुरुष मंडळी नाचाला गेली, बाहेर मुसळधार पाऊस. मी पडवीत बसून साकुना सुरू केला. आई शेजारी दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत होती.

"ही पोर काय करतेय गं?" आईने पडद्याकडे बघत विचारलं.

"भात लावतेय."

आईने चष्मा शोधला, पदराने पुसला आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. साकुना ही धान्याची देवता. तिला एका राक्षसांच्या बेटावर धाडलंय आणि तिथे तिला स्वतः राबून भात पिकवायचाय. जमीन खणून दगड काढण्यापासून तांदूळ कांडेपर्यंत सगळं हाताने करायचं. बियाणं निवडायचं, रोप दाट करायचं की विरळ ते ठरवायचं, लावणी करायची, पाट उघडून-मिटून पाण्याची उंची राखायची, तण काढायचं, कापून वाळत घालायचं, झोडायचं. जपानमध्ये तर खेळाडू अडले की तिथल्या कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन भाताची माहिती वाचत, तोच या गेमचा गाईड म्हणत.

आईचा पहिला प्रश्न: "हिने राब कुठे भाजला?" राब म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळून जमीन भाजणं.

"त्यांच्याकडे राब भाजत नाहीत, आई."

"मग तणाने मरेल बापडी."

पुढे खाचरात तण आलंच. राब भाजतात तो रोपांच्या वाफ्यासाठी, हे तण लावणीनंतरचं, पण आईचं म्हणणं खरं ठरलं म्हणून ती खूश झाली. बियाणं पाण्यात टाकून पोचट दाणे वर काढायचे असतात, ते बघून म्हणाली, "हे आम्हाला कृषी सहाय्यकाने शिकवलं होतं, मिठाच्या पाण्यात." खताच्या हौदात माणसांचा मैलाही घालतात हे कळल्यावर मला वाटलं, आता तोंड फिरवेल. तर ती म्हणाली, "सोनखत. माझी सासू सांगायची." आणि साकुना एकेक रोप रोवत मागे मागे सरकायला लागली तेव्हा आईने भाजीची परडी बाजूला ठेवली.

"मागे सरत लावते. कुणीतरी शिकवलेलं आहे हिला."

मी लॅपटॉप तिच्या मांडीवर दिला. जन्मात कीबोर्डला हात न लावलेली बाई. एक बटण रोप रोवायचं आणि एक मागे सरायचं, एवढंच दाखवलं. तिने तीन ओळी लावल्या. गेममध्ये सुरुवातीला जमिनीवर खुणेच्या रेषा नसतात, त्यामुळे माझ्या ओळी नेहमी वेड्यावाकड्या. आईच्या तिन्ही सरळ. आमच्याकडे एकदा चारसूत्री पद्धतीने लावणी केली होती, २५ आणि १५ सेंटीमीटरवर खुणा केलेली दोरी ताणून, चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मधोमध खताची गोळी खोचून. दोरीचं एक टोक तेव्हा आईकडेच होतं. ते अंतर तिच्या नजरेत अजून आहे.

तिसऱ्या ओळीनंतर तिने विचारलं, "हिला मुठी कोण टाकतं?"

"कुणी नाही. लावणीला एकटीच आहे."

"एकटीच?" असं म्हणून ती गप्प झाली, आणि मग म्हणाली, "पाणी कमी कर. रोप अजून रुजलं नाही." मी गेममधल्या सूचना बाजूला ठेवल्या आणि तिचं ऐकलं.

तेवढ्यात मोठा भाऊ भिजून आत आला. आमच्याकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढी हौस आहे तर ये की गावी. खऱ्या चिखलात उतर. बटणं दाबून भात होत नाही." पाठोपाठ आलेली मंडळी हसली. आईने लॅपटॉप माझ्याकडे दिला आणि चहा टाकायला उठली. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर गेले. शेजाऱ्यांचं भात पोटरीला आलेलं, कणीस बाहेर पडायच्या बेतात. आमच्या चारही खाचरांत मांडीएवढं गवत आणि टाकळा. एका बाजूचा बांध खचलेला. तिथे लावणी होऊन किती वर्षं झाली ते मी बोटांवर मोजलं आणि परत आले.

ती जमीन माझी नाही. वडील २०१३ मध्ये गेले. पुढच्या वर्षी मला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. बहिणीने भावाकडे हिस्सा मागायचा नसतो, माहेरचं दार उघडं राहायला हवं, असं काकी म्हणाली आणि मी सही केली. कागद वाचलाही नाही. म्हणून "गावी येऊन खरी शेती कर" हे वाक्य मला लागतं. कुठल्या शेतात उतरू? जिच्या हाताला लावणी येते तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, आणि ज्याचं आहे त्याने खाचर पडीक टाकलंय. हे त्या रात्री पडवीत बोलायला हवं होतं. नाही बोलले, म्हणून इथे लिहितेय.

स्टारड्यूच्या सुरुवातीला मरणाच्या दारातले आजोबा नातवंडाच्या हातात एक बंद पत्र देतात. पुढे शहरातल्या नोकरीत पिचल्यावर ते उघडायचं. उघडलं की कळतं, शेत तुमच्या नावावर केलंय. मुलगा होऊन खेळा की मुलगी होऊन, पत्र तेच येतं. पहिल्यांदा खेळले तेव्हा तो प्रसंग संपल्यावर मी गेम बंद करून नव्याने सुरू केला, पत्र पुन्हा वाचायला.

तेव्हा तुमच्या घरच्यांनी पुन्हा तसं म्हटलं तर गावच्या जमिनीचा सातबारा मागा आणि त्यावर तुमचं नाव आहे का ते बघा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली ती दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, आणि हा हक्क जन्माने मिळतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोडपत्र पुढे आलं तर निदान वाचा, चार दिवस मागून घ्या, ओळखीच्या वकिलाला दाखवा. प्रेमापोटी सही करायची असेल तर करा, पण काय सोडतोय ते कळून करा. मला कळलं नव्हतं.

भावाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. तो एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करतो. लावणीला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी देऊन तांदूळ महाग पडतो, उरलेलं वानरं आणि रानडुकरं खातात. जमीन पडीक टाकणारा तो एकटा नाही, कोकणात गावोगाव हेच आहे. त्यावर मी भांडत नाही. स्वतः न लावता मला चिखलात उतर म्हणाला, त्यावर भांडते.

आणि साकुनाबद्दल तुमच्यापासून लपवायला नको: अर्धा गेम लढाईचा आहे. बाजूने दिसणारी, उड्या मारत, उपरण्यासारखं वस्त्र फेकून झोंबायची लढाई, आणि रात्री शत्रू जास्त बळकट होतात. काठिण्यपातळी कमी ठेवता येते, मी तशीच ठेवते, पण लढाई टाळता येत नाही. देवतेची ताकद मात्र लढून फारशी वाढत नाही, वर्षाचा तांदूळ कसा उतरला त्यावर वाढते. लढाईत अडलात तर पुढची सुगी चांगली काढा, त्यानेच मार्ग निघतो. संध्याकाळी साकुना आणि बेटावर तिच्यासोबत राहणारी माणसं चुलीभोवती बसून त्याच तांदळाचं जेवतात, त्या गप्पा पुढे पुढे दामटू नका. बदकांची पिल्लं पाळता आली की खाचरात सोडा, तण कमी होतं. एदेलवाइस नावाच्या जेमतेम दोन माणसांच्या चमूने हे केलंय, २०२० च्या नोव्हेंबरात आला. लॅपटॉपवर खेळणार असाल तर कंट्रोलर घ्या. लावणी कीबोर्डवर होते, लढाईत बोटं अडकतात.

स्टारड्यूमध्येही भात आहे, वसंतात लावायचा. आठ दिवसांत तयार होतो, पाण्याकाठी लावला तर सहाच दिवसांत, आणि झारीही लागत नाही. मी लावला एकदा. रोपावर टिचकी मारली की झालं, मागे सरायचं नाही, पाणी राखायचं नाही. तिथे मी आता ब्लूबेरी आणि भोपळेच लावते.

दोन्ही घ्यायची घाई करू नका, दोन्ही गेम सेलमध्ये बरेच स्वस्त होतात. आधी स्टारड्यू घ्या, गेममधली दोन वर्षं काढा, लढाईची भीती खाणीत थोडी मोडेल. मग साकुना. तुमच्या गावी काय पिकतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. भात असेल, आणि घरात लावणी केलेलं कुणी वडीलधारं असेल, तर माझा हा क्रम उलटा करा आणि खेळताना त्यांना शेजारी बसवा.