हातात फारशी ताकद नाही, मॉरिशसला वॉटर स्कीइंग जमेल का?

ताकदीचं आधी सांगते, कारण हा मुद्दा आमच्या घरात वर्षानुवर्षं चघळला जातोय. वॉटर स्कीइंग म्हणजे पायात स्की, म्हणजे लांब फळ्या, बांधून बोटीमागे दोरी धरून पाण्यावरून घसरत जाणं. दंडाचा जोर या खेळात कामाला येत नाही. दोरी आपण ओढायचीच नसते, बोट ओढते.

आम्ही उतरलो होतो त्रू ओ बिशला, मॉरिशसच्या वायव्य किनाऱ्यावर. माझा थोरला भाऊ रोज जिमला जाणारा. "हे बायकांचं काम नाही, दंडात दम पाहिजे," असं त्याने किनाऱ्यावरच जाहीर केलं. बोट सुटली की दादा दोरीच्या टोकाचं हँडल छातीशी ओढायचा, दोरी क्षणभर सैल पडायची आणि तो पाठीवर कोसळायचा. दर वेळी तेच. बोटवाला ओरडून सांगत होता, हात सरळ ठेवा! ऐकतो कोण?

मग मी उतरले. गुडघे छातीशी, हात सरळ, दोरी दोन्ही स्कींच्या मध्ये, टोकं पाण्याबाहेर. अंगणात उकिडवं बसून भांडी घासतो ना, तीच बैठक. बोट निघाली तसं पाणी तळव्यांवर असं रेटायला लागलं की पाय थरथरले. मी उठायची घाई केली नाही. तो रेटा एकदम हलका झाला, स्की पाण्यावर आल्या, तेव्हाच हळूहळू गुडघे सरळ केले. पायाखाली पाणी सूं सूं करत पळत होतं आणि मी उभी होते!

दादा आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतो, "तिच्यासाठी बोट हळू चालवली होती." चालवलीच असणार. हलक्या माणसाला कमी वेग पुरतो, जड माणसाला जास्त लागतो. नवख्या मोठ्या माणसाला ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, मग वजन बघून कमी-जास्त. वेग गरजेपेक्षा कमी पडला तर स्की पाण्यात रुततात आणि उठणं उलट कठीण होतं. १९२२ साली अमेरिकेत, मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसनने हा खेळ सुरू केला. अठरा वर्षांचा दणकट पोरगा, तरी आधी पडतच होता. मागे रेलून स्कीची टोकं वर ठेवली तेव्हा जमलं. यात दंड कुठे आला?

तुम्ही सकाळचीच वेळ घ्या, वारा वाढायच्या आत. उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर, प्रवाळाच्या कड्याच्या आतलं पाणी शांत असतं. बऱ्याच हॉटेलांत स्कीइंग खोलीच्या भाड्यातच धरलेलं असतं, बुकिंग करताना विचारा. तंग, जाडसर शॉर्ट्स घाला. मागे पडल्यावर पाणी जोरात योनीमार्गात घुसतं आणि इजा होऊ शकते, हे बायकांना कुणी सांगत नाही.

पोहायला येतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. लाइफ जॅकेट तरंगवतं, पण नाकातोंडात पाणी गेल्यावर जीव घाबरा होत असेल तर आधी इथेच तलावात सवय करा. कंबर, खांदा किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. तोल गेला की हँडल त्याच क्षणी सोडायचं. आणि सोबत कुणी ताकदीच्या गोष्टी करणारा असेल तर त्याला पहिला उतरवा, तुम्ही बोटीत बसून त्याची कोपरं बघा.