मॉडेल बसवलं, पण बसलं का?

‘कर्व्ह फिटिंग’ला, म्हणजे आलेखावरच्या ठिपक्यांना जुळेल अशी रेषा किंवा सूत्र (मॉडेल) काढण्याला, ‘वक्र आसंजन’ असा शब्द वाचला, तो मराठीत चालेल का की सरळ ‘फिट करणं’च लिहू, असा प्रश्न आलाय. फिट करणं लिहिलंत तरी काही बिघडत नाही, पण आपल्याकडे ‘बसवणं’ आहे की! आणि या कामाला ते इंग्रजीपेक्षा सरस आहे असं मला मनापासून वाटतं.

इंग्रजीत रेषा काढायची कृती पण फिट आणि ती जमली का याचा निकाल पण फिट. आपण मात्र ‘नाच बसवतोय, अजून बसला नाहीये’ असं सहज बोलतो, म्हणजे बसवणं वेगळं, बसणं वेगळं. लेजांद्र या फ्रेंच गणितज्ञानं 1805 मध्ये छापलेली लघुतम वर्गांची रीत (ठिपके आणि रेषा यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवायची) कुठल्याही ठिपक्यांवर रेषा बसवून देते, नाही म्हणतच नाही ती. बसली का हे आपण बघायचं.

खगोलशास्त्रज्ञ केपलरचं उदाहरण मला फार आवडतं. टायको ब्राहेनं आकाश निरखून केलेल्या मंगळाच्या नोंदींवर त्यानं वर्तुळाचं मॉडेल बसवलं, बरंचसं जुळलं सुद्धा, पण काही ठिकाणी फरक 8 कलांपर्यंत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जायचा. 8 कला म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीचा साधारण पाव भाग, दुसऱ्या कुणी सोडून दिला असता. पण टायकोची मापं एवढी चुकणार नाहीत हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं नोंदींना दोष न देता मॉडेल टाकून दिलं, आणि 1609 च्या पुस्तकात मंगळाची कक्षा लंबवर्तुळ झाली. बसवलं होतं, बसलं नव्हतं.

हा जो फरक उरतो त्याला ‘अवशेष’ लिहितात, मला तो शब्द पडक्या वाड्यासारखा वाटतो. ‘बाकी’ म्हणा ना! नोंदीतून मॉडेलचा आकडा वजा केला की उरते ती बाकी, पहिल्या वजाबाकीपासून ओळखीचा शब्द. आणि निकाल बाकीवरूनच लागतो, ती शून्याच्या वरखाली कशीही विखुरलेली असली तर ठीक, पण तिच्यात वळण दिसलं, म्हणजे आधी सगळी खाली मग सगळी वर असं काही, तर मॉडेलनं काहीतरी सोडलंय. नुसत्या आर-स्क्वेअरवर, म्हणजे रेषा किती जुळली ते 0 ते 1 मध्ये सांगणाऱ्या आकड्यावर, जाऊ नका. संख्याशास्त्रज्ञ ॲन्सकोंबनं 1973 मध्ये 11-11 ठिपक्यांचे चार संच दिले होते, चारही ठिकाणी रेषा जवळजवळ तीच, आर-स्क्वेअर 0.67 च्या आसपास, पण आलेख काढले तर एकात ठिपके चक्क कमानीत आहेत!

आता आसंजन. ‘आसक्त’ ज्या धातूचा तोच हा, अर्थ चिकटणं. मॉडेल डेटाला चिकटायलाच तर नको असतं. वेगवेगळ्या क्ष वरचे 10 ठिपके घ्या, नवव्या घाताची बहुपदी (क्ष च्या नवव्या घातापर्यंत जाणारं सूत्र) सगळ्यांतून जाईल, बाकी शून्य, आणि अकरावा ठिपका आला की बहुतेक भलतीकडे. त्यामुळे आसंजन हा शब्द ठेवायचाच असेल तर मी तो ओव्हरफिटिंगला, म्हणजे अशा गरजेपेक्षा जास्त जुळवण्याला, ठेवीन, बोलताना तर ‘मॉडेल चिकटलंय’ एवढं म्हटलं तरी पुरतं.