जुन्या लॅपटॉपची एलसीडी घरीच उघडून उन्हात वाचता येईल आणि बॅटरीही जास्त चालेल अशी करता येते का?

येते, पण मागची लाइट काढून आरशासारखं काहीतरी चिकटवलं की झालं, असं नाहीये. एक पॅनल घालवून शिकलोय म्हणून सांगतो.

पहिल्यांदा मी काचेमागे पोळ्या गुंडाळायची फॉइल लावली. गच्चीवर नेऊन बघतो तर स्क्रीन काळपट आणि मधोमध माझंच थोबाड. कॅल्क्युलेटरमध्ये हे चालतं कारण तिथे रंग नसतात. कलर पॅनलमध्ये पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी फिल्म) निम्मा उजेड खातो, उरलेल्यातला दोन तृतीयांश रंगाचे फिल्टर, वर आतल्या वायरिंगची सावली, म्हणजे मागून १०० भाग सोडला तर पुढे जेमतेम ५-६ येतो, आणि आपल्याला तर तो पुढून आत जाऊन परत बाहेर यायला हवाय!

२००७ च्या एक्सओ लॅपटॉपमध्ये (शाळकरी मुलांसाठी काढलेला स्वस्त लॅपटॉप, आपल्याकडे रायगडातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत आलेले तेच) प्रत्येक पिक्सेलचा काही भागच आरसा होता आणि त्यावर रंगाचा फिल्टर नव्हता, म्हणून उन्हात ब्लॅक अँड व्हाइट पण स्वच्छ दिसायचं. ते फॅक्टरीतच होतं, घरी नाही.

मला जमलं ते असं: झाकणाला मागून खिडकी कापली, पांढरी शीट आणि अॅक्रिलिकची पाटी काढली, उजेड सारखा पसरवणारा दुधी डिफ्यूजर तेवढा ठेवला आणि बॅकलाइटची वायर सोडवली. आता सूर्य स्क्रीनच्या मागे येईल असं बसायचं. छान दिसतं, रंगासकट. बॅटरी तीन तासांची चारच्या आसपास गेली, दुप्पट वगैरे नाही, कारण प्रोसेसर, वायफाय खातच राहतात. रात्री मागे टेबल लॅम्प लावतो, हसा खुशाल.

काचेच्या कडेला ज्या पातळ फ्लेक्स पट्ट्या असतात त्यांना जपा, माझी एक नखभर फाटली आणि स्क्रीनवर उभी रेघ कायमची आली. पॅनल खूप जुनं, ट्यूबवालं असेल तर ट्यूबमध्ये पारा असतो आणि ट्यूबला वीज देणाऱ्या छोट्या इन्व्हर्टर सर्किटला शेकडो व्होल्ट, त्यामुळे बॅटरी काढल्याशिवाय हात घालू नका.

मॅट स्क्रीनगार्डने फक्त चकाकी कमी होते, बाकी काही नाही. आणि रोजच्या वापरातला लॅपटॉप असेल तर उघडूच नका, ब्राइटनेस निम्मा करून सावलीत बसा, बॅटरी तशीही वाचते.

उघडणारच असाल तर बाथरूममध्ये पाच मिनिटं गरम पाणी सोडा, धूळ खाली बसली की तिथेच शीट बसवा आणि पंखा बंद. मी हे केलं नव्हतं, डाव्या कोपऱ्यात अजून मांजराचा केस आहे.