दिवाणजींना अक्षर दिसत नाही

वाचकांचे प्रश्न, दुकानातली उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच गोष्टीची निघाली. ना चित्र, ना माउसचा बाण, नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. त्याला आम्ही कन्सोल म्हणतो. हा पडदा कधीच इतिहासजमा झाला असं पुष्कळांना वाटतं. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दुकानात आठवड्याला एक तरी माणूस त्याच्यापायी येतो.

आज्ञा मी गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो तशाच इथं लिहिल्यात. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी छोट्या लिपीतली.

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे. हिशेबाचा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीचा, काळ्या पडद्यावरचा, पण शेतकऱ्यांच्या पट्ट्या अजून त्यातूनच निघतात. जुना कॉम्प्युटर आणि १५ इंची डबा मॉनिटर एकदमच गेले, म्हणून नवा कॉम्प्युटर आणि २४ इंची मॉनिटर घेतला. आता सगळा प्रोग्रॅम वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलाय आणि अक्षरं इतकी बारीक की दिवाणजी जुनाच डबा मागतात. मॉनिटर देणाऱ्यानं रेझोल्यूशन कमी करायला सांगितलं. करू का? – एक अडत्या, मार्केट यार्ड

उत्तर : एवढ्यात करू नका. तुमचं दुकान माझ्या वाटेवरच आहे, म्हणून उत्तर लिहायच्या आधी सोमवारी येऊन गेलो. तुम्ही सौद्यात होता. दिवाणजी गादीवर बसून, चष्मा कपाळावर आणि भिंग हातात, अशी पट्टी करत होते. मला म्हणाले, "आवो, तीळ सांडल्यागत दिसतंय ह्ये. मोठा मॉनिटर घ्येतला आणि अक्षर बारीक झालं, ह्यो कुठला न्याय?"

न्याय असा आहे. जुनी मशिन अक्षरांच्याच मोडमध्ये सुरू व्हायची : ८० अक्षरं आडवी, २५ ओळी उभ्या, बस. मॉनिटर केवढाही असो, या २५ ओळी तो पडदाभर ताणायचा. नवं लिनक्स, म्हणजे तुमच्या मशिनवर विंडोजच्या जागी असलेली सिस्टिम, तसं करत नाही. ते मॉनिटरला त्याचं मूळ रेझोल्यूशन विचारतं, तुमच्याकडे १९२० बाय १०८० ठिपके, आणि त्यावर अक्षर चितारतं. अक्षराचं माप मात्र तेच जुनं, ८ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच. म्हणजे आडवी २४० अक्षरं आणि उभ्या ६७ ओळी मावतात. तुमच्या प्रोग्रॅमला ८० आणि २५ पलीकडचं जगच ठाऊक नाही, म्हणून तो एक तृतीयांश रुंदीत अंग चोरून बसतो.

मी दिवाणजींचीच फूटपट्टी घेऊन मोजलं. नव्या मॉनिटरवर एक ओळ साडेचार मिलिमीटरच्याही आतली. जुन्या १५ इंची डब्यावर ती ८ मिलिमीटरच्या वर असायची. तेव्हा दिवाणजींच्या डोळ्यांना दोष देऊ नका, अक्षर खरंच निम्मं झालंय.

यावरचा इलाज फॉन्ट. मॉनिटरला हात लावायचं कारण नाही. तुमच्या मशिनवर डेबियन हा लिनक्सचा प्रकार आहे आणि त्यात टर्मिनस नावाचा चांगला ठसठशीत फॉन्ट आलेला असतो. आधी तात्पुरता लावून बघायचा : सुडो, स्पेस, सेटफॉन्ट, स्पेस, मग फॉन्टचं नाव, लॅट१५ डॅश टर्मिनस३२एक्स१६. लॅटचा एल आणि टर्मिनसचा टी तेवढे कॅपिटल, नाव सगळं जोडून. एंटर मारलं की जागच्या जागी अक्षर दुप्पट. ओळ ९ मिलिमीटरच्या जवळ गेली, म्हणजे जुन्या डब्यापेक्षा किंचित मोठीच. पडद्यावर आता १२० अक्षरं आणि ३३ ओळी मावतात आणि प्रोग्रॅम दोन तृतीयांश रुंदी व्यापतो. दिवाणजींनी भिंग ड्रॉवरमध्ये टाकलं आणि काही न बोलता चहा सांगितला.

तुमच्या पुतण्यानं हीच आज्ञा आधी सुडो न लावता देऊन बघितली होती आणि कन्सोल सापडत नाही अशा अर्थाची तक्रार आली, असं तो म्हणाला. त्यानं ती दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवरून, नेटवर्कमधून दिली होती. सेटफॉन्टला खरा कन्सोल लागतो. लांबून जोडलेली खिडकी किंवा डेस्कटॉपवरचा, म्हणजे चित्रं-माउसवाल्या पडद्यावरचा, टर्मिनल (काळी खिडकी) चालत नाही. ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहे त्यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबावं, खरा काळा पडदा येतो. तिथं लॉगिन करून मग आज्ञा द्यावी.

सेटफॉन्टनं लावलेला फॉन्ट मशिन बंद केलं की जातो. कायमचा हवा तर सुडो, डीपीकेजी डॅश रिकॉन्फिगर, स्पेस, कन्सोल डॅश सेटअप. निळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात. पहिल्याला यूटीएफ-८, अक्षरसंचाच्या प्रश्नाला जे आधी निवडलेलं असेल तेच ठेवा, फॉन्टला टर्मिनस, मापाला १६ बाय ३२. गंमत बघा, फाइलच्या नावात उंची आधी आणि इथं रुंदी आधी. यात भलेभले गोंधळतात. ठळक हवा तर टर्मिनसबोल्ड आहे. दिवाणजींनी दोन्ही बघून साधाच ठेवला. ठळकमध्ये त्यांना ८ आणि ६ सारखे वाटतात, आणि वजनाच्या रकान्यात ८ चा ६ झाला तर शेतकरी ऐकून घेणार नाही.

फेडोरा हा लिनक्सचा दुसरा प्रकार वापरणाऱ्यांना हा प्रश्नांचा पडदा मिळत नाही. त्यांनी ईटीसी फोल्डरातल्या व्हीकन्सोल डॉट कॉन्फ या फाइलमध्ये फॉन्टची ओळ बदलावी.

आता रेझोल्यूशन. ते कमी केलं तर मॉनिटर कमी ठिपके ताणून दाखवतो आणि अक्षराच्या कडा पुसट होतात. तरी प्रोग्रॅम पडदाभर हवाच असेल तर हिशेब मांडून उतरा. १२८० बाय ७२० वर ३२ चा फॉन्ट लावलात तर आडवी बरोबर ८० अक्षरं येतात, पण उभ्या ओळी २२ च. तुमच्या प्रोग्रॅमला २५ लागतात, आणि खालच्या तीन ओळींत तुमची एकूण रक्कम असते! तिथं १४ बाय २८ चा फॉन्ट घेतला तर ९१ अक्षरं आणि नेमक्या २५ ओळी बसतात.

पण त्यासाठी ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये, मशिन सुरू होतानाच्या ओळीत, व्हिडिओ बरोबर (म्हणजे = ही खूण) अमुक असं लिहावं लागतं, आणि तिथं मी एकदा हात पोळून घेतलेत. काही वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या तोंडावर एका कापड दुकानात, मालक शेजारी उभा असताना, मॉनिटरला न पेलणारा आकडा मी थेट फाइलमध्ये लिहिला आणि मशिन रीस्टार्ट केलं. पडद्यावर ‘आउट ऑफ रेंज’. बाहेर गिऱ्हाइकांची रांग, आत मी आणि काळा पडदा. शेवटी ग्रबच्या यादीत ई दाबून ती ओळ तेवढ्यापुरती काढली तेव्हा मशिन उठलं. तेव्हापासून उलटं करतो. आधी तिथंच ई दाबून आकडा तात्पुरता लिहायचा, एफ१० नं सुरू करून बघायचं, पटलं तरच फाइलला हात लावायचा. चुकलंच तर रीस्टार्ट केलं की जुनं परत.

एक काम न विचारता करून आलोय. तुमच्या प्रोग्रॅममधली शीर्षकं काळ्यावर गडद निळी आहेत, तरण्या डोळ्यांनाही दिसायची नाहीत. कन्सोलचे १६ रंग असतात आणि ते बदलता येतात. सिस, मॉड्यूल, व्हीटी, पॅरामीटर्स या फोल्डरात डिफॉल्ट अंडरस्कोअर आरईडी, जीआरएन आणि बीएलयू अशा तीन फाइली आहेत, लाल, हिरव्या आणि निळ्याच्या, प्रत्येकीत १६ आकडे. कॅट या आज्ञेनं त्या तिन्ही एका नव्या फाइलमध्ये एकाखाली एक घेतल्या. निळा रंग पाचवा. तिथं ०, ० आणि १७० होतं, ते ९०, १४० आणि २५५ केलं. मग सेटव्हीटीआरजीबी, स्पेस, त्या फाइलचं नाव. शीर्षकं आभाळी झाली. हेही मशिन बंद केल्यावर विसरलं जातं, म्हणून प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या तुमच्या फाइलमध्ये वरच ती ओळ टाकून ठेवलीय. काढू नका.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे. भट्टीचं तापमान दाखवणारा एक जुना कॉम्प्युटर भिंतीवर लावलाय, नुसता काळा पडदा आणि आकडे. दर दहा मिनिटांनी पडदा मिटतो. कामगाराला हातमोजा काढून बटण दाबायला जावं लागतं. घरून लॅपटॉपनं जोडून आज्ञा दिली, काही फरक नाही.

उत्तर : दहा मिनिटं म्हटल्यावरच रोग कळला. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, पूर्वी ६०० सेकंदांनी कन्सोल मिटवायची सोय मुळातच सुरू असायची, काच जळू नये म्हणून. नव्या कर्नलमध्ये ती बंदच येते. तुमचं मशिन जुनं.

आज्ञा सेटटर्म, स्पेस, दोन डॅश, ब्लँक, स्पेस, शून्य. तुम्ही बहुतेक हीच दिली असणार, पण घरून. सेटटर्म मशिनच्या पोटात शिरून स्क्रू फिरवत नाही, ते समोरच्या पडद्याकडे नुसती एक खूण छापतं. घरून दिलीत तेव्हा ती खूण तुमच्या लॅपटॉपच्या खिडकीत गेली. भट्टीजवळच्या पडद्याला पत्ताच नाही. एक तर तिथल्या कीबोर्डवर द्या. लांबूनच द्यायची तर आधी सुडो सू करून रूट, म्हणजे मशिनचा सर्वाधिकारी, व्हा. मग सेटटर्म, स्पेस, दोन डॅश टर्म, स्पेस, लिनक्स, स्पेस, दोन डॅश ब्लँक, स्पेस, शून्य, पुढं मोठेपणाची खूण आणि डेव्ह तिरकी रेघ टीटीवाय१, म्हणजे खूण बरोबर दारात पडते. डेव्हच्या आधीही तिरकी रेघ विसरू नका.

कायमचा बंदोबस्त ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत, कन्सोलब्लँक बरोबर शून्य. पण एक ध्यानात ठेवा. सेटटर्मला मिनिटं लागतात आणि कन्सोलब्लँकला सेकंद. एकानं माझ्याकडून फोनवर ऐकून कन्सोलब्लँकला ३० लिहिलं आणि अर्ध्या मिनिटात पडदा मिटायला लागला म्हणून मलाच बोल लावला.

प्रश्न : कॉलेजात प्रोजेक्टरवर विंडोजची काळी खिडकी दाखवायची आहे. मागच्या बाकावर काही दिसत नाही.

उत्तर : कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा, अक्षर मोठं होतं. मग खिडकीत कलर, स्पेस, एफ शून्य दिलं की पांढऱ्यावर काळं. प्रोजेक्टरवर तेच जास्त वाचता येतं. खिडकी ठरीव मापाची हवी तर मोड, स्पेस, कॉन, स्पेस, कॉल्स बरोबर ८०, स्पेस, लाइन्स बरोबर २५. मात्र यानं वर गेलेला मजकूर मागं सरकवून बघायची सोय जाते, तेव्हा धडा शिकवताना जपून. नवा विंडोज टर्मिनल उघडत असेल तर मोडच्या नादाला लागू नका.

प्रश्न : लिनक्सच्या काळ्या पडद्यावर गावांची नावं मराठीत हवीत. नुसते चौकोन येतात. कुठला फॉन्ट लावू?

उत्तर : कुठलाच नाही. कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, आणि ५१२ घेतल्या तर उजळ रंगांवर पाणी सोडावं लागतं. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं. खरी अडचण अशी की कन्सोल एका चौकोनात एक आकृती ठेवतो आणि पुढं सरकतो. ‘ज्योतिबा’ लिहायचं तर ज अर्धा करून य ला चिकटवायला हवा, आणि ति मधली वेलांटी नंतर टाइप होऊनही त च्या आधी काढायला हवी. ही जुळवाजुळव करणारं त्याच्यात कुणीच नाही. सगळ्या आकृत्या भरून दिल्या तरी ज, हलन्त, य, काना-मात्रा असे सुटे तुकडे दिसतील.

मराठी नावं हवीच असतील तर हलका डेस्कटॉप टाका, एखादा देवनागरी फॉन्ट बसवा आणि त्याच्या टर्मिनल खिडकीत प्रोग्रॅम चालवा. खिडकी निवडताना आधी ‘ज्योतिबा’ आणि ‘कुर्डुवाडी’ लिहून बघा. सगळ्याच टर्मिनल खिडक्यांना जोडाक्षर आणि रफार जमतोच असं नाही. मशिन तेवढं ओढत नसेल तर पडद्यावर गाव रोमनमध्ये ठेवा आणि पट्टी छापताना मराठीत काढा.