आधी त्यांचे पैसे दे

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, फोटोही पाहिला. स्पिट्झ कुत्रा सांभाळायला ठेवून गावाला जावं आणि परत आल्यावर केस भादरलेलं कोकरू हातात मिळावं, कुणाचंही डोकं फिरेल. त्यात त्याला सांभाळणाऱ्या ताई वर म्हणतात, "उकडत होतं ना त्याला!"

त्यांचं चुकलंच. स्पिट्झला केसांचे दोन थर असतात. ते दोन्ही मिळून थंडी अडवतात तसं ऊनही अडवतात. मशीन फिरवलं की कातडी उघडी पडते, आणि केस परत येतात तेही कधी कधी ठिगळाठिगळांनी. त्यांनी एक फोन करायला हवा होता.

पण नऊ दिवसांचे पैसे अडवून धरलेस, ते मला पटलं नाही. नऊ दिवस त्यांनी त्याला दोन वेळा फिरवलं, खाऊ घातलं, शी उचलली. ते काम झालेलं आहे. केसांचं भांडण वेगळं.

आणि एक विचारलंस का, गोचीड सापडली होती का? मे महिन्यात दाट केसांत गोचीड झाली तर आपणही कात्री शोधतो.

माझं सांगते. बरीच वर्षं झाली. लग्नाला चिपळूणला गेले होते, मनीला शेजारणीकडे ठेवून. मनीचं अंग गरम लागलं म्हणून तिने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी चुरून भरवली, स्वतःच्या लेकाला दिली असती तशी. मांजराच्या यकृताला ते औषध पचतच नाही. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. संध्याकाळपर्यंत हिरड्या चहासारख्या तपकिरी, तोंड सुजलेलं. तिने मला चार फोन केले. माझा फोन पर्समध्ये, पर्स नवरीच्या खोलीत. मनी गेली. वर्षभर मी शेजारणीशी बोलले नाही. डॉक्टरांचा नंबर मीच दिला नव्हता, हे फार उशिरा आठवलं. "तुला काय सांगायचं, तुला सगळं माहितीये," एवढं म्हणून रिक्षात बसले होते.

तू तरी काय सांगितलं होतंस? पुढच्या वेळी कागदावर लिही आणि फ्रिजवर लाव. केस, नखं, आंघोळ विचारून. माणसाची कुठलीही गोळी नाही. जेवण तेच, नवं खाणं आठवडाभर थोडं थोडं मिसळत आणतात, एकदम दहीभात सुरू केला की जुलाब. फोन लागला नाही तर थेट डॉक्टरकडे, आणि अमुक रकमेपर्यंत खर्च न विचारता. ती रक्कम आकड्यात लिही, नाहीतर बिचारी रात्री दोन वाजता हिशोब करत बसेल.

आज पैसे पाठव आणि मग फोन कर. मेसेजवर भांडू नकोस. त्या 'बरं' लिहितील आणि त्या 'बरं'चा अर्थ लावत तू रात्रभर जागशील. परत त्यांच्याकडे ठेवायचं की नाही, ते गोचिडीचं उत्तर ऐकून ठरव. तोवर दुपारी बारा ते चार त्याला गच्चीत सोडू नकोस.

तुझी,
काकू