आईची पवित्र भूमीची यात्रा: पाच जणांनी कर्ज काढून, की दोघांनी साठवून?

वसईहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 45, पती-पत्नी दोघेही नोकरीत, मिळून हातात 1,10,000 रुपये येतात. घरखर्च 62,000, गृहकर्जाचा हप्ता 26,000, म्हणजे महिन्याला 22,000 शिल्लक राहतात. मुलगी दहावीत, मुलगा अकरा वर्षांचा. आई 72 वर्षांची, मधुमेह आहे, गुडघे दुखतात. धर्मग्रामातून, म्हणजे चर्चतर्फे, ईस्टरला जॉर्डन-इस्रायल-इजिप्तची सहल निघते आहे, माणशी 1,60,000. पाच जणांचे 8 लाख. त्यासाठी 3 लाखांची मुदत ठेव मोडायची आणि उरलेल्या 5 लाखांचं वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घ्यायचं, असा विचार आहे. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या साडेचार लाखांना हात लावायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं आहे. शेवटी लिहिलं आहे: "वडील गेले तेव्हापासून आई एकच म्हणते, एकदा यार्देनच्या (जॉर्डन नदीच्या) पाण्यात हात बुडवायचा आहे. चुकतंय का माझं?"

तुमची इच्छा चुकत नाही. आईचं वय थांबणार नाही आणि हे काम पाच वर्षं पुढे ढकला असं मी सांगणारही नाही. माझा आक्षेप पाच जणांना आहे, आणि कर्जाला.

आधी कर्जाचं बघू. 5 लाख, 14 टक्के, 36 महिने: हप्ता 17,088 रुपये. व्याजापोटी साधारण 1,15,000 जातील, पण मला व्याजापेक्षा जास्त काळजी हप्त्याची आहे. 22,000 मधून तो गेला की हातात पाच हजारही राहत नाहीत, तेही मुदत ठेव मोडून झाल्यावर. याच तीन वर्षांत मुलीची बारावी होईल, प्रवेशाची धावपळ येईल, वसतिगृह लागलं तर त्याची अनामत भरावी लागेल. तेव्हा घरात मोकळा पैसा नसेल आणि तुम्ही दुसरं कर्ज शोधत असाल.

दुसरं कारण त्या प्रदेशाचं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये युद्ध सुरू झालं आणि आपल्या सरकारला 'ऑपरेशन अजय'खाली इस्रायलमधून भारतीयांना विमानाने परत आणावं लागलं. जून 2025 मध्ये इराणशी संघर्ष पेटला तेव्हा तिथलं हवाई क्षेत्रच बंद झालं. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाची सहल अशीच ऐनवेळी रद्द झाली. एजन्सीने पैसे बुडवले नाहीत, पण 'पुढच्या बॅचला जागा देऊ' म्हणत चौदा महिने अडकवले. त्यांनी ते पैसे कर्जाने उचलले होते. सहल झाली नाही, हप्ते मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जात राहिले. ती ताई पासबुक उघडून समोर बसली होती, ते मला अजून आठवतं. प्रवास विम्यात युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलं असतं, तेव्हा विम्याच्या भरवशावरही राहू नका.

आता आईंचा विचार करू. बेथलेहेमच्या जन्ममंदिराचं दार जेमतेम चार फूट उंच आहे, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. यरुशलेमला पवित्र कबरेच्या चर्चमध्ये शिरलं की उजव्या हाताला कालवारीकडे, येशूला क्रुसावर दिलं त्या जागेकडे, चढणाऱ्या पायऱ्या आहेत, अरुंद आणि उभ्या. क्रुसाच्या वाटेची स्थानं जुन्या शहराच्या दगडी, चढउताराच्या गल्ल्यांतून जातात. तिथे आईंचा हात धरायला एक माणूस पूर्ण वेळ लागेल. दोन मुलं, त्यांचं खाणं, त्यांचे फोटो सांभाळताना तो हात सुटेल आणि आई बसमध्ये बसून राहतील. "तुम्ही जा, मी इथेच थांबते" असं आपल्या आया म्हणतातच.

म्हणून माझं मत असं: येत्या नोव्हेंबरमध्ये आई आणि सोबत एक जण. तेव्हा तिथे ऊन मवाळ असतं आणि ईस्टर-नाताळची गर्दी व चढे भाव टळतात. दोघांचे 3,20,000, वर विमा, व्हिसा, टिप, दुपारची जेवणं आणि दानधर्म यांना 60,000 धरा. एकूण 3,80,000. आजपासून दहा महिने दर महिन्याला 20,000 रुपये बँकेच्या रिकरिंग ठेवीत टाका, 2 लाख होतील. दिवाळीचा बोनस 90,000 येतो असं तुम्ही लिहिलं आहे. राहिलेल्यासाठी आईंच्या स्वतःच्या ठेवीतून 1 लाख घ्या. त्या द्यायला तयार आहेत आणि तुम्हाला संकोच वाटतो आहे. घ्या. आपल्या यात्रेला आपले पैसे लागले याचा त्यांना आनंद होईल. ही रक्कम शेअर बाजाराच्या वाऱ्यालाही उभी करू नका, दहा महिने त्यासाठी फार कमी आहेत. तुमची 3 लाखांची ठेव जागेवर राहील.

सोबत कोणी जायचं, हे मात्र तुम्ही गृहीत धरू नका. खोल्या दोघांत एक असतात. रात्री उठणं, न्हाणीघर, गोळ्या, इन्सुलिन असेल तर ते, या सगळ्याला आईंना मुलगा बरा वाटेल की सून, हे त्यांनाच विचारा.

कोटेशन परत मागवा, इजिप्त वगळून. तिथला सिनाय पर्वत लोक रात्री चढतात, आईंना त्याचा उपयोग नाही आणि वाळवंटातला बसचा लांब प्रवास तेवढा वाचेल. यार्देनवर नेमकं कुठे नेणार तेही लेखी घ्या. जॉर्डनच्या बाजूचं अल-मघतास, 2015 पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं, त्याच्या समोरच्या काठावरचं कस्र अल-यहूद आणि गालील सरोवरातून नदी बाहेर पडते तिथलं यार्देनित, या तीन वेगळ्या जागा आहेत. ज्या पाण्यासाठी त्या एवढ्या लांब जात आहेत, तिथे घाईचा दहा मिनिटांचा थांबा नको.

रद्द झाल्यास किती दिवसांत, किती रक्कम परत, हे करारात हवं. फादर सोबत आहेत म्हणून कागद न वाचता सही करू नका. रोख देऊ नका. 5 टक्के जीएसटी आणि टीसीएस (परदेश सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा आयकर) भावात धरले आहेत का ते विचारा. टीसीएसचा दर 2020 पासून बदलत आला आहे, बुकिंगच्या दिवशीचा दर लेखी घ्या. तो पैसा बुडत नाही, विवरणपत्रात तुमच्या करातून वळता होतो. पण तो ज्याच्या पॅनवर कापला जातो त्यालाच मिळतो. आई विवरणपत्र भरत नाहीत, म्हणून त्यांचा लाख आधी तुमच्या खात्यात घ्या आणि बिल तुमच्या पॅनवर करा.

तुमच्या पत्नीचं आणि मुलांचं काय? लग्नाला सतरा वर्षं झाली, असं तुम्ही लिहिलं आहे. गालीलातल्या काना गावी, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, तिथे जोडपी लग्नाची वचनं पुन्हा उच्चारतात. पंचविसाव्या वर्षाला आठ वर्षं आहेत. चौघांचे आजचे 6,40,000 महागाई 6 टक्के धरली तर तेव्हा सव्वादहा लाखांच्या आसपास होतील. नोव्हेंबरनंतर म्युच्युअल फंडात महिन्याला 8,300 ची एसआयपी सुरू केली आणि वर्षाला 10 टक्के मिळाले, तर तितके जमू शकतात. खात्री कोणी देत नाही, पण तेव्हा उरलेली सात वर्षं हा पुरेसा काळ आहे. राहिलेले 13,700 मुलीच्या शिक्षणाकडे वळवा.

या आठवड्यात एक काम करा. आईंचा पासपोर्ट काढायला द्या आणि त्याआधी आधार, पॅन आणि चर्चच्या दाखल्यावरचं आडनाव शेजारी ठेवून पाहा. आपल्याकडे एकाच घरात डिमेलो तीन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं, आणि ते दुरुस्त करायला जे महिने लागतात ते नोव्हेंबरमधूनच वजा होतील.